नाव वाचल्याशिवाय पिन नाही

८ नोव्हेंबर
सोफा घरीच. ४,८०० गेले.

मोबाईलवर जाहिरात टाकली होती, जुना सोफा, पाच हजार. एकाचा फोन आला. कामठीच्या छावणीत फौजी आहे म्हणे, गाडी पाठवतो, पैसे आधी घ्या. दोनशे कमी करून मागितले, तेही केले. मग त्यानं क्यूआरचं चित्र पाठवलं. "अंकलजी, स्कॅन करो, पिन डालो, पैसा आ जाएगा." केलं स्कॅन. टाकला पिन. आले नाही, गेले!

पैसे घ्याले पिन लागतच नाही. हे पानठेल्यावाल्यालेही माहीत आहे. मले नव्हतं. चौतीस वर्षं कोराडीले वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काढली मी, आख्खं युनिट हातात होतं, अन् एका पोट्ट्यानं "अंकलजी" म्हणून गंडवलं.

सौ.नं जेवायले वाढलं. भाजीत मीठ जास्त पडलं तरी मी मुकाट्यानं खाल्ली.

९ नोव्हेंबर
बँकेत अर्ज दिला, सायबरवाल्यांकडे तक्रार केली. पैसे परत येतीन असं कोणीच म्हटलं नाही.

निखिलचा पुण्याहून फोन. सौ.नं सांगितलं असणार. पोरगा ओरडला नाही, समजावून सांगत होता. त्याचाच जास्त राग आला. म्हणे, "बाबा, खात्याला तुमचा नंबर काढून माझा लावू. ओटीपी मला येईल. तुम्ही कॅश वापरा, बाकी मी इथून बघतो." नंबर बदलायचा फॉर्म घेऊन येतो, डिसेंबरात मावसभावाच्या लग्नाले येणारच आहे. सही माझी लागते.

म्हणजे माझं पेन्शन, माझं खातं, अन् सौ.च्या गोळ्या आणाच्या तर पोराले फोन करायचा. तो मीटिंगमध्ये असला की आम्ही बाप-माय काउंटरवर उभे.

मी म्हटलं, "तू येईपर्यंत पाह्य. एक जरी चूक झाली तर सही करतो." हो म्हणाला. त्याले वाटते महिनाभरात होईनच चूक.

११ नोव्हेंबर
दोन दिवस नुसती कॅश वापरून पाहिली. आटोवाल्याजवळ पाचशेचे सुटे नाही, दूधवाल्याजवळ नाही, मेडिकलवाल्यानं सुट्याऐवजी चॉकलेटं दिली. या वयात चॉकलेटं घेऊन घरी आलो. सौ.नं एक खाल्लं.

कॅश बिनधोक आहे म्हणतात. असेन बा. पण पाचशेची नोट खिशात घेऊन बाजारात फिरताना मी तिसऱ्यांदा खिसा चाचपला तेव्हा मलेच हसू आलं.

१२ नोव्हेंबर
सकाळी फिरताना सुचलं. प्लांटमध्ये काय करत होतो? फोनवर इन्स्ट्रक्शन आली की ती जशीच्या तशी परत म्हणायची. "दोन नंबर पंप बंद करतो, बरोबर?" तिकडून "बरोबर" आलं की मगच बटनाले हात. घाई असो, साहेब ओरडत असो, न म्हणता हात लावला तर मेमो. चौतीस वर्षांत मले एक मेमो नाही.

सोफ्याच्या दिवशी मी परत म्हटलं असतं, "४,८०० देतो, बरोबर?" तर माझ्याच तोंडून ऐकू आलं असतं की देऊन राहिलो, घेऊन नाही. स्क्रीनवर तेच लिहिलं होतं ना.

आजपासून नियम. नाव मोठ्यानं वाचायचं. रक्कम मोठ्यानं वाचायची. समोरचा "बरोबर" म्हणेपर्यंत पिन नाही.

१३ नोव्हेंबर
दूधवाला: "काकाजी, बरोबर आहे ना, रोजचंच आहे ना!"
मी: "मग रोजच म्हण."

१७ नोव्हेंबर
आज इज्जत गेली. शेजारच्या वानखेडेनं व्हिडिओ पाठवला होता, की गर्दीत चोर मशीन घेऊन फिरतात, खिशाले टेकवली की कार्डातून पैसे जातात. घाबरून कार्ड सौ.च्या पोळ्यांच्या चंदेरी कागदात गुंडाळलं. मेडिकलमध्ये गोळ्या घेतल्या, कार्ड कागदासकट मशीनवर टेकवलं. काही नाही. परत टेकवलं. काही नाही. मी मशीनवर भडकलो, "बिघडली आहे तुमची!" काउंटरवरच्या पोरीनं कार्ड हातात घेतलं, कागद सोडवला. "काका, डबा आणला काय?" सगळी लाईन हसली. कार्डाले तुपाचा वास येत होता.

१८ नोव्हेंबर
बँकेत गेलो. तिथल्या मॅडमनं नीट सांगितलं. मशीन अगदी चिकटून आणावी लागते, अन् पाच हजाराच्या वर गेलं की पिन मागतेच. पण त्याच्या आत टेकवलं की बिनापिनचं कटते, तेव्हा मशीनवरचा आकडा स्वतः पाहायचा. आणखी एक गंमत दाखवली. ॲपमध्येच टॅप, म्हणजे हे टेकवणं, बंद-चालू करता येते, मर्यादाही लावता येते.

मी म्हटलं, "म्हणजे ब्रेकरच आहे ना हा!" त्या म्हणाल्या, "काय?" राहू द्या म्हटलं.

घरून निघताना चालू, घरी आलो की बंद. मर्यादा दोन हजार. सौ. म्हणे, "शिफ्ट सुरू झाली वाटते परत."

२६ नोव्हेंबर
मेट्रोनं सीताबर्डी. कार्ड टेकवलं, फाटक उघडलं, गेलो. मागचे साहेब चारी खिसे उलटे करून राहिले होते. मी वळून पाहिलं. पाहायची गरज नव्हती, पण पाहिलं.

अठरा दिवस झाले, चूक नाही.

३ डिसेंबर
आजचं सावकाश लिहितो.

चौकात गजाननची संत्र्याची गाडी लागते. नरखेडकडचा, स्वतःच्या बगिच्यातली संत्री आणतो. मोठ्या आवाजात पैसे मिळाले सांगणारा डब्बा त्याच्याजवळ नाही, फक्त गाडीले चिकटवलेला क्यूआर. मेसेज संध्याकाळी त्याची पोरगी पाहते. मी दोन डझन घेतली, स्कॅन केलं. मागं पाच-सहा लोकं. नियमाप्रमाणं मोठ्यानं वाचलं, "श्रुती ट्रेडर्स, दोनशे चाळीस. बरोबर?"

मागून एक मॅडम, "काका, करा ना लवकर."

गजानन मोजता मोजता म्हणे, "दोनशे चाळीस बरोबर."

"नाव सांग."

"काय नाव?"

"श्रुती ट्रेडर्स, तूच काय?"

"कोन श्रुती? माह्या घरात कोनीच श्रुती नाही गा, भाऊजी."

मी फोन खिशात टाकला. क्यूआरच्या कोपऱ्याले नख लावलं. वरचा कागद अल्लद निघाला अन् खाली गजाननचा खरा क्यूआर, त्याचं नाव, सगळं. गाडी रात्री चौकातच ताडपत्री टाकून असते, तेव्हाच कोणीतरी येऊन आपला कागद डकवून गेलं.

गजाननचं तोंड पांढरं पडलं. सकाळपासूनची अर्धी विक्री श्रुतीकडे! पण लाईनमधल्या दोघांचे पैसे आधीच श्रुतीकडे गेले होते, त्यांनी तिथंच आपले मोबाईल काढले, बँकेले कळवलं. त्या घाईवाल्या मॅडमनंच सायबर हेल्पलाईनले फोन लावला, एकेक गोष्ट नीट सांगितली. अन् मग पाहा मजा. चौकातला प्रत्येक ठेलेवाला आपापला क्यूआर नखानं खरवडून पाहून राहिला! पोहेवाल्याच्यावरही श्रुतीच निघाली.

गजानननं एक डझन जास्तीची टाकली. मी म्हटलं, पैसे घेशील तरच. वाचलं नाव, "गजानन", वाचली रक्कम. तो ओरडला, "बरोबर!" सगळी लाईन ओरडली, "बरोबर!"

घरी आलो तर सौ. दारातच. बातमी माझ्याआधी पोचली होती. "अवो, मेमो नाही मिळाला ना?" म्हणे. चौतीस वर्षं मी सांगत होतो ते ऐकत होती तर ही.

४ डिसेंबर
पोहेवाल्यानं तर्री फुकट वाढली. दुसऱ्यांदाही वाढली. पोट बिघडलं. चालते.

१४ डिसेंबर
निखिल आला. फॉर्म आणला आहे, भरलेला, फक्त सहीची जागा मोकळी. श्रुतीची गोष्ट सौ.नं दोनदा सांगितली. पोरगा म्हणे, "मस्त केलं बाबा. पण एकदा पकडलं, पुढच्या वेळी नाही पकडलं तर?"

खोटं नाही बोलला. संध्याकाळी लग्नातही त्याच विचारात होतो.

१५ डिसेंबर
तिघं डोसा खायले गेलो. बिल ३४५. निखिल म्हणे मी देतो. कानाशी फोन, ऑफिसचं काहीतरी, एका हातानं कार्ड पुढं. वेटरनं मशीन धरली. मले सवय, मशीनवर वाचलं: ३४५०.

"थांब," म्हटलं अन् त्याचा हात धरला. कार्ड अन् मशीन यात चार बोटं अंतर होतं. "वाच."

त्यानं वाचलं. फोनवर म्हणाला, नंतर करतो. पाच हजाराच्या आत, पिन मागितलाच नसता, आवाज करून गेले असते. वेटर घाबरला बिचारा, शून्य जास्तीचं लागलं, मुद्दाम नव्हतं. दुरुस्त केलं. निखिलनं स्वतः मोठ्यानं म्हटलं, "तीनशे पंचेचाळीस. बरोबर?"

वेटर म्हणे, "बरोबर."

सौ. इतकी हसली की ठसका लागला. मी हसलो नाही. घरी येऊन आंघोळीच्या खोलीत दार लावून हसलो. छाती भरून आली होती, खोटं काहून लिहू.

१६ डिसेंबर
निखिल सकाळच्या गाडीनं गेला. फॉर्मबद्दल त्यानं विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. निघताना पाया पडला, जरा जास्त वेळ वाकून राहिला.

फॉर्म टेबलावरच राहिला. विसरला की मुद्दाम ठेवला, कळाले मार्ग नाही. फोन करून विचारणार नाही.

सौ. म्हणे, "फाडू काय?"

नको म्हटलं. ड्रॉवरमध्ये ठेवला. वय थांबून नाही राहणार. एखाद्या दिवशी नाव वाचता वाचता अडखळीन, समोरचा नुसताच "बरोबर" म्हणीन अन् मी पिन टाकून देईन. तो दिवस मलेच आधी समजला पाहिजे, पोराले नाही. समजला तर सही मीच करीन, कोणी मागायच्या आत.

आज नाही. आज टॅप चालू केलं अन् सौ.ले घेऊन बर्डीले निघालो, तिले स्वेटर घ्याचा आहे.