भिंतीवरचं जाळं

रविवार, संध्याकाळ

घरभरणी उरकली एकदाची. डोकं अजून तापलेलंच आहे.

मूल गावातल्या घरात मूलचंच काही दिसावं, एवढीच माझी हौस. म्हणून पळसाच्या पत्रावळी, बांबूच्या टोपल्यांचे दिवे आणि बैठकीच्या भिंतीवर मासोळ्या धरायचं जाळं. ते यांनी मामाजींकडून मागून आणलं होतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, तळ्यावर मासेमारी करतात.

आज मामाजी आले ते थेट भिंतीपाशी. ‘‘सूनबाई, जाळं इथी काऊन टांगलं?’’

‘‘शोभेसाठी.’’

ते हसलेसुद्धा नाहीत. जाळं खाली काढलं, दोरा मागितला, नव्या सोफ्यावर मांडी घातली आणि फाटलेली जागा विणत बसले. सगळे पाहुणे त्यांच्याचभोवती! माझे दिवे कोणी पाहिलेच नाहीत. फोटोत भिंतीवर नुसता खिळा. असा संताप आला!

निघताना मामाजी म्हणाले, ‘‘जाळं नीट करून ठेवलं. तुमचं काम झालं का सांगजो. आठ दिवस झाले, तळ्यावर गेलो नाई.’’

म्हणजे त्यांच्याकडे एकच होतं. आणि मी विचारलंसुद्धा नाही.

जाळं त्यांच्याच पिशवीत कोंबलं. खिळा तेवढा राहिलाय. जाता-येता नजर तिथंच जाते.