मान वर काढून पोहणारी बाई

बाबा, तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. या वयात मी पोहण्याच्या शर्यतीत उतरते, हे तुला कोणी सांगितलं नसणार. पंचावन्न पूर्ण झाली मला. दिवसभर कामोठ्यात मुलांना गणित शिकवते आणि सकाळी तलावावर जाते. आमच्यासारख्या हौशी, पन्नाशी उलटलेल्यांच्या स्पर्धा असतात. वर्तमानपत्रात त्यांची ओळही येत नाही. पण एक गृहस्थ आहेत, ते इंटरनेटवर फक्त आमच्याबद्दल लिहितात.

मला त्यांचं भारी कुतूहल वाटतं. बँकेतून निवृत्त झालेत म्हणे. स्वतःच्या मोबाइलवरून शर्यत थेट दाखवतात आणि शेवटचा माणूस भिंतीला हात लावेपर्यंत कॅमेरा हलवत नाहीत. मग घरी जाऊन प्रत्येकाबद्दल लिहितात, कोण कुठे दमलं, कोणाचं वळण छान झालं. कशासाठी करत असतील हा उद्योग? कोण वाचत असेल? मी तर वाचतेच. नवरा हसतो, "आली का म्हाताऱ्यांच्या आंघोळीची बातमी?" आणि मग स्वतःच चष्मा लावून माझं नाव शोधतो.

गेल्या महिन्यात मी सहा जणींत सहावी आले. त्यांनी लिहिलं, "या बाई मान वर काढून पोहतात. तलावात शिकलेलं माणूस असं पोहत नाही. यांना खाडीत कोणीतरी शिकवलेलं दिसतं." वाचता वाचता मी उठून उभीच राहिले. शर्यतीत ही मान खाली ठेवायला सांगून सांगून तलावावर शिकवणारे आमचे सर थकलेत. सरांना त्यात चूक दिसते. या अनोळखी माणसाला तू दिसलास.

मी नऊ वर्षांची आहे. भरतीचं पाणी चढलंय, माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधलाय, आणि तू मिठागराच्या बांधावर उभा आहेस, खांद्यावर माझा कोरडा फ्रॉक. "मान वर ठेव गो. माज्याकडं बग, पान्याकडं नको बगू." पुढे डबा सुटला, पण बघायची सवय राहिली. तो बांध आता भरावाखाली गेलाय, रस्त्यावरून जाताना नेमकी जागाही ओळखू येत नाही. तेरावं लागलं तेव्हा त्याच बांधावर तू म्हणालास, "बस झाला. उद्यापासून पान्यात जायाचा नाय." मी विचारलं, का? तू म्हणालास, "लोका बगतान." फ्रॉक माझ्या हातात दिलास आणि पुढे चालू लागलास. मी तो न घालता ओलीच तुझ्या मागून घरी आले. आणि आता बघ, एक माणूस मुद्दाम बघायला येतो आणि मला त्याचा आनंद होतो.

ते मानेबद्दल लिहिल्यावर त्या गृहस्थांचा फोन आला होता. "कोणी शिकवलं हो तुम्हाला?" मी म्हटलं, "कोणी नाही. माझी मीच शिकले." त्रेचाळीस वर्षांचा राग होता, तोंडातून निघून गेला. त्यांनी तो तसाच छापला. आठवडाभर ते वाक्य मला टोचत होतं. ते गृहस्थ कोणाची वेळ अर्ध्या सेकंदाने चुकली तरी खाली दुरुस्ती देतात, म्हणून काल धीर करून कळवलं. आज सकाळी माझ्या नावाखाली ती आलीय, "दुरुस्ती: यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं." नवऱ्याने दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं.

हे पत्र वहीतच राहील, तुझा पत्ता काय घालू? पण एक गोष्ट मी त्यांनाही सांगितली नाही. मान खाली घालून पोहायला मला केव्हाच जमलंय, सरावात तशीच पोहते. शर्यतीत मात्र शेवटच्या फेरीला ती वर येते. मी अजून तुझ्यावर रागावलेली आहे, बाबा. पण भिंत जवळ आली की आधी काठावर बघते.