तड्याशेजारची पाटी

सर, तुमच्या नावाची पाटी काल प्रशासकीय इमारतीवर लागली. हो, त्याच इमारतीवर. नवं सभागृह बांधून तयार होतं आणि तुमचं नाव तिथं द्यावं असं सगळ्यांना वाटत होतं, पण मी अडून बसले. म्हटलं, सरांनी स्वतः उभी केलेली इमारत असताना दुसरीकडे कशाला जायचं? व्यवस्थापन परिषदेनं टाळ्या वाजवल्या. कुलगुरूच्या खुर्चीतून बोललेलं लोकांना लवकर पटतं, हे तुम्हाला मी काय सांगावं! पाटीची जागाही मीच दाखवली. दर्शनी भिंतीवर दारापासून वरपर्यंत तो तिरका तडा गेलाय ना, त्याला अगदी खेटून. आमचे अभियंते म्हणाले, मॅडम, आधी तडा बुजवून रंग मारू. मी म्हटलं, राहू द्या. इमारतीला धोका नाही, मी स्वतः तपासलंय. नुसती दिसायला वाईट आहे.

तुम्ही शिकवायचात मात्र छान, ते मी कधी नाकारलं नाही. उन्हाळ्याचे दिवस आहेत, माझ्या भूम गावाबाहेरचं काळं रान आहे, आणि तुम्ही आमच्या सगळ्या वर्गाला भेगांत हात घालायला लावताय. माझा हात कोपरापर्यंत आत जातो. वर्गात छापील बोलणारे तुम्ही रानात आलात की थेट तुमच्या सोनारी गावचे व्हायचात. "आज ही माती दगडावानी लागंल, कुदळ उडंल. पण पावसाळ्यात फुगली की भिंत उचलती. उन्हाळ्यात हिच्यावर भरवसा ठेवायचा न्हाय." आपण मातीच शिकायची, हे मी तिथं उभ्या उभ्या ठरवलं. आमच्या वर्गातल्या बाकीच्या मुली संगणकाकडे गेल्या.

मग तुम्ही विभागप्रमुख झालात, प्राचार्य झालात, कुलगुरू झालात, आणि मी तुमच्याच जुन्या विभागात शिकवू लागले. नव्या इमारतीसाठी मातीची तपासणी माझ्याकडे आली. मी लिहून दिलं की पाया काळ्या मातीखालच्या मुरमापर्यंत न्यावा लागेल, त्याला वेळ लागेल. तुमच्याकडे वेळच नव्हता. कुलगुरूपदाची मुदत संपत आली होती आणि उद्घाटन तुमच्याच हातून व्हायला हवं होतं. तुम्ही भर उन्हाळ्यात खड्डे घेतलेत, तळाला कुदळ उडाली, आणि कंत्राटदार म्हणाला, "साहेब, कडक लागलंय." तुम्हाला तेवढं पुरलं! मी तुमच्या दालनात येऊन भांडले, तर त्या कंत्राटदारासमोर तुम्ही हसून म्हणालात, "पोरी, मला माती शिकवतीस व्हय? जा, पोरांचे तास घे."

दोन पावसाळ्यांत भिंत तडकली. चौकशी समितीपुढं तुम्ही शुद्ध मराठीत म्हणालात, "नमुने घेताना मॅडमकडून गफलत झाली असावी." मी समोरच्या खुर्चीत बसले होते. माझा अहवाल टेबलावर होता, सगळ्यांनी वाचलेला, पण माजी झालेल्या कुलगुरूंच्याही शब्दापुढं कोण बोलणार? माझी प्रयोगशाळा काढून घेतली, मला परीक्षेच्या बैठकव्यवस्थेला जुंपलं, माझ्या हाताखाली शिकलेले माझ्या आधी प्रोफेसर झाले. तेही मी गिळलं असतं. पण भूमच्या बाजारात माझ्या आप्पांना लोक विचारायचे, "तुमच्या पोरीनं पास केलेली बिल्डिंग तडकली म्हणं?" आप्पांनी बाजाराला जायचं सोडलं. सर, एवढ्यासाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. तुमच्या अंत्यविधीच्या दिवशी मी मुद्दाम वर्गातल्या मुलांना घेऊन माकणीच्या धरणावर गेले होते, आणि दिवस चांगला गेला.

म्हणून काल पाटी लागली तेव्हा मला बरं वाटलं. येणारा जाणारा तुमचं नाव वाचील आणि तडाही बघील. कार्यक्रम झाल्यावर काकूंना तुमच्या घरी सोडायला मीच गेले. मोटारीत त्या सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, भरून आलं असेल. घरी त्यांनी स्वयंपाकघरातच पाट दिला, चहा ठेवला आणि माझ्याकडं पाठ करूनच म्हणाल्या, "तडा बघूनच जागा निवडलीस न्हवं?"

मी पाट भिंतीकडं सरकवून घेतला.

"बरं केलंस. राग न्हाय मला. ह्यांनी घरी कितींदा म्हणलं, पोरीचं बरोबर होतं, म्या ऐकाया पायजे होतं. मी म्हणायची, मग तिला सांगा की. तर उठून भाईर जायचे."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नाही, तोंडानं म्हणतही होतात, चार भिंतींच्या आत, बायकोपाशी, जिथं त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता! भूम काही लांब नव्हतं, सर. एसटीनं जाऊन आप्पांना एवढं एक वाक्य सांगितलं असतंत, तर मी तुमचं नाव नव्या सभागृहावर सोन्याच्या अक्षरांत लावलं असतं. आता पाटी आहे तिथंच राहील. मी या खुर्चीत असेपर्यंत तो तडा कुणी बुजवणार नाही.

हे कुठं पाठवायचं नाहीच, तेव्हा एक सांगून टाकते. काकूंनी चहा गाळून पुढं ठेवला. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि तुमचं ते वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.