धर्माचं गवत

किन्हवली, रविवार, पौष, सन १९४०

आज दुपारी मुंबईहून परत आलो. बाने मला धाकट्या भावाला, धर्माला घरी आणायला पाठवलं होतं. शेतीवरून बाशी भांडून गेला, त्याला तीन वर्षं झाली. चर्चगेटजवळच्या नव्या स्टेडियमात माळी आहे, एवढंच ठाऊक होतं.

काल तिथं मॅच नव्हती. नुसत्या रिकाम्या पायऱ्या पाहूनच दडपलो. आमचं अख्खं गाव एका कोपऱ्यात मावेल. मधोमध धर्मा उकिडवा बसून गवत निरखत होता. मला पाहून हसला.

"दादा, वहाणा काढ नि मंग ये."

अनवाणी गेलो. इतकं मऊ, एकसारखं गवत आमच्या बांधावर कधी पाहिलं नाही. त्याने मातीत बोट खुपसून ओल पाहिली, बा खाचरात पाहतो अगदी तशीच.

"खेळायच्या आधी कप्तान मला इचारतो, खाली ओल हाय का," तो म्हणाला.

'घरी चल' तोंडापर्यंत आलं होतं. का नाही बोललो? भ्यालो का? नाही. ते गवत त्याचं होतं. मी तळपायांनी ते चाचपत उभा राहिलो, इतकंच.

संध्याकाळी बाला सगळं सांगितलं.

"भात सोडून गवत लावतो?" बा चिडला. ताटातली भाकरी त्याने तशीच ठेवली. मग हळूच म्हणाला,

"उन्हाळ्यात पानी कुठनं देतो रे तो त्याला?"