डोळ्यांचं लग्न

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

पुन्हा तोच आवाज. टक्! सकाळी लेकाने, अनिरुद्धने, गाडी बाहेर काढली तेव्हा मी न्हाणीघरात. डोक्यावर साबण, नळ चालू — तरी ऐकलं. गॅरेजचा दरवाजा कमरेइतका वर आला की टक्. उजव्या बाजूला. स्प्रिंग आहे.

चहाच्या वेळी सांगितलं तर सगळे हसले. चैताली म्हणते, "बाबा, तुम्हाला शेजारच्यांच्या मुंग्या चालल्या तरी ऐकू येतात." सूनबाई गोड बोलते म्हणून खपून जातं.

हसू देत. चाळीस वर्षं याच कानांवर भाकरी खाल्ली. हडपसरला रस्त्याकडेला शटरचा पत्रा ठोकायला बसलो तेव्हा ना शिक्षण, ना भांडवल. शटर नुसतं वर-खाली केलं की सांगायचो — बेअरिंग गेलंय, पट्टी वाकलीये, आणि मालक तेल घालत नाही, कंजूष आहे. तिन्ही खरं निघायचं! आता स्वतःचा कारखाना आहे, बंगला आहे, दीडशे किलोचा दरवाजा बटणावर उघडतो. पण कान तेच.

स्प्रिंग तुटली तर ते दीडशे किलो धाडकन खाली येतील. आणि ठकी दिवसभर तिथेच खेळते. चार वर्षांची नात ती, तिला काय कळतंय! सिराजला फोन केला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सिराज आला. खडकीहून, त्याच जुन्या स्कूटरवर. जन्म फिटर म्हणून काढला, आता निवृत्त. पस्तीस वर्षांची ओळख. ताणलेल्या स्प्रिंगला हात लावायचा तर त्यानेच, मीसुद्धा लावत नाही. दोन तासांत बदलून दिली.

निघताना म्हणाला, "पोपट, एकदा खाली लाकूड ठेवून बघू. दरवाजा टेकला की उलटा वर जातो का ते."

म्हटलं, "आता माझ्याच घरात मला शिकव!"

"शिकवत नाही. बघू म्हणतोय."

"अरे, ऐकलं मी कान लावून. लोण्यासारखा चालतोय. बस, चहा घे."

त्याने चहा घेतला. लाकूड तसंच राहिलं.

७ नोव्हेंबर

दरवाजा गप्प. टक् नाही, चूं नाही. छान झोप लागली.

९ नोव्हेंबर, रविवार

लिहून टाकतो, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

सकाळी साडेनऊ. अनिरुद्ध गाडी घेऊन बाहेर पडला. वळता वळता, रोजच्यासारखं, गाडीतूनच बटण दाबलं. मी व्हरांड्यात पेपर वाचत होतो. ठकी तिची तीनचाकी घेऊन गॅरेजच्या तोंडाशी. तिची एक चप्पल आत राहिली म्हणून ती उतरली, मागे गेली. तीनचाकी उंबऱ्यावरच.

दरवाजा आला. थांबला नाही. उलटा फिरला नाही. प्लॅस्टिक फुटल्याचा आवाज ऐकून मी उठलो. हँडल आडवं, सीट चपटी — आणि दरवाजा वरून अजून दाबतोय!

पलीकडून ठकीचा आवाज, "आबा, माझी गाडी मोडली." रडत नव्हती. रागावली होती.

चप्पल उचलायला ती गाडीवर बसूनच वाकली असती तर? पुढचं लिहवत नाही.

आणि असं होऊच शकत नाही! दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोन डोळे असतात. एकाकडून दुसऱ्याकडे किरण जातो. मधे मांजर आलं तरी दरवाजा थांबतो, उलटा वर जातो. लोकांना हेच दाखवून मी दरवाजे विकले.

सिराजला फोन केला. "गुरुवारी तूच हात लावलास. काय करून गेलास?"

"पोपट, मी स्प्रिंग सोडून कशालाही—"

ऐकूनच घेतलं नाही. म्हणालो, "वय झालं तुझं. कामं बंद कर. माझ्या नातीच्या जिवावर नको."

फोन ठेवण्याआधी त्याचा श्वास ऐकू आला. नुसता श्वास.

मेन स्विच बंद. दरवाजा वर करून साखळी घातली, कुलूप लावलं. चैतालीने ठकीला दिवसभर कडेवरून उतरवलं नाही. अनिरुद्ध ताटावर बसलाच नाही. बटण त्याने दाबलं होतं.

१० नोव्हेंबर

सकाळी वाकून नीट पाहिलं. खालच्या दोन्ही जागा रिकाम्या! डोळे नाहीत. स्क्रूसुद्धा नीट काढलेले.

शिडी लावली. मोटरच्या मागे, छताशी, दोन्ही डोळे वीतभर अंतरावर एकमेकांसमोर बांधलेले. काळी टेप. तीन वेढे, आणि शेवटचं टोक दुमडलेलं, सोडवताना नख अडकावं म्हणून.

सिराजच्या पिशवीत टेप नसते. तो सुतळी वापरतो. आणि ही दुमड — कारखान्यात प्रत्येकाला मीच शिकवलीये.

युक्तीही माझीच. दसऱ्याला लोक गाडीला हार घालतात, मोटरला घालतात, दरवाज्यालाही घालतात. झेंडूचं टोक डोळ्यांसमोर झुलायला लागलं की दरवाजा बंदच होत नाही. सणाच्या दिवशी वीस-वीस फोन! हार काढा म्हणावं तर, "अहो, दसऱ्याचा हार कसा काढायचा?" मग मीच ही वाट काढली. डोळे खालून काढायचे, वर समोरासमोर बांधायचे. दरवाज्याला वाटतं खाली मोकळंच आहे. तक्रार बंद! नाव ठेवलं, 'डोळ्यांचं लग्न'. "जा रे, अमक्यांकडे लग्न लावून ये." सगळी पोरं हसायची. मीही. हार सुकला की फोन करा, खाली बसवून देऊ, असं गिऱ्हाइकाला सांगायचो.

त्यात घरच्या मोटरचा जोर मीच वाढवलेला. पावसाळ्यात दरवाजा अडकत होता म्हणून. नाहीतर डोळे नसतानाही तीनचाकीला टेकून तो वर गेला असता.

स्प्रिंग आवाज करत होती म्हणून मी तिच्यामागे लागलो. डोळ्यांना आवाज नसतो.

११ नोव्हेंबर

द्वारकेला विचारलं. तिने सरळ सांगितलं, "अहो, दसऱ्याला तुम्ही कारखान्याच्या पूजेला. इथे दार बंद होईना. सणाचा हार काढू का मी? तात्यारावांना बोलावलं. दहा मिनिटांत करून गेले, पाणीसुद्धा घेतलं नाही." यात काय बिघडलं ते तिला आधी कळेना. मग कळलं. घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

तात्याराव माझा सगळ्यात जुना कामगार. कारखान्यात गेलो, ओरडायला तोंड उघडलं, तर त्याने आधीच हात जोडले. "शेठ, दिवाळीनंतर काडीमोड करायचं राह्यलं. वहिनींचा फोन नाही आला, माझ्याही ध्यानात नाही."

मग हळूच, खाली बघत, "पण शेठ, फोन कोण करतंय? आजवर एकानं तरी केलाय का?"



१२ नोव्हेंबर

खडकीला गेलो. दार रझियावहिनींनी उघडलं. "आत आहेत," एवढंच. एरवी पाण्याचा तांब्या आधी येतो.

सिराज मनगटी घड्याळ उघडून बसला होता. मान वर केली नाही.

"चुकलो," म्हणालो.

"हं."

"टेप माझ्याच माणसाची निघाली."

"हं."

"त्या दिवशी लाकूड ठेवलं असतं तर..."

"चहा चांगला होता," सिराज म्हणाला.

समोर बसलो. त्याने घड्याळाचं झाकण लावलं. "पोरीला लागलं नाही ना?"

"नाही."

"मग तुझं सुटलं." आता त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाकीच्यांचं काय, पोपट?"

तोवर, खरं सांगतो, हा विचार मनात आलाच नव्हता. माझं घर, माझी नात, माझा दरवाजा. एवढंच चाललं होतं डोक्यात.

निघताना वहिनींनी पाणी दिलं.

१३ नोव्हेंबर

तक्रारींच्या वह्या काढल्या. नऊ वर्षांच्या. काम झालं की ओळीपुढे मी शेरा मारायचो. तेल. पट्टी. बेअरिंग. लग्न.

'लग्न' सदतीस ठिकाणी. सगळीकडे माझं अक्षर. एका ओळीपुढे तर कौतुकाने लिहिलंय — 'दोन मुली. बटणावरून भांडण! एकीने वर करायचं, एकीने खाली, असं ठरवून दिलं.' चांगली आठवतात. मोठी पहिलीत, धाकटी तिच्यापाठोपाठ शेपटासारखी.

परत खाली बसवल्याची नोंद? एकही नाही.

मी फोन करतोय, तात्याराव शिडी घेऊन जातोय. पहिल्याच बाई म्हणाल्या, "अहो, दरवाजा उत्तम! एक तक्रार नाही."

"ते माहितीये. आज बटण दाबू नका. माणूस निघालाय. बाळाला तिकडे सोडू नका."

"आमच्याकडे बाळ आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

मागे रांगत होतं. खुळखुळा फरशीवर आपटत होतं. एकेक आपटणं ऐकू येत होतं मला.

एक गृहस्थ चिडले, "इतकी वर्षं काही झालं नाही, आता कशाला?" त्यांच्याकडे मी स्वतः गेलो. त्यांचंच टेबल दरवाज्याखाली ठेवलं आणि त्यांनाच म्हटलं, दाबा बटण. टेबलाचा पाय मोडला. मग त्यांनीच शिडी धरली.

१४ नोव्हेंबर

बावीस झाली. बाराच्या आत सिराज न बोलावता आला, हातात लाकूड. घरचे डोळे मी माझ्या हाताने खाली बसवले, मोटरचा जोर कमी केला. लाकूड ठेवलं. दरवाजा आला, टेकला — वर गेला! दहादा केलं. ठकी म्हणाली, "अजून." अकराव्यांदा केलं. अनिरुद्ध आज जेवला.

पंधरा राहिली.

१५ नोव्हेंबर

तेविसावं नाव. दोन मुली, बटणावरून भांडण.

बाईंनी फोन उचलला. माझं पाठ झालेलं वाक्य म्हणालो, आज बटण दाबू नका, माणूस येतोय.

"तो दरवाजा आम्ही काढून टाकला. तीन वर्षं झाली."

का, असं विचारणार होतो.

"तुम्हाला कोणी सांगितलं नाही?" त्या म्हणाल्या. अगदी शांतपणे.

मागे मोठी पाढे म्हणत होती. मी फोन कानाशी घट्ट धरला. धाकटीचा आवाज येतोय का, ते ऐकत राहिलो.