धाकट्याच्या सळया आणि माझं सोलर

१२ जानेवारी

सोलरवाला येऊन गेला. टेरेसवर टेप लावून मापं घेतली, मग मोबाइलवर सूर्य कुठून कुठं जातो ते दाखवायला लागला. म्हटलं, भाऊ, लग्न होऊन निघोज्यात आले तेव्हापासून तो सूर्य मीच बघतेय, तुम्ही पॅनलचं बोला. हसला बिचारा.

दक्षिणेला सगळं मोकळं, ऊन भरपूर. खालच्या खोल्यांत कंपनीची पोरं भाड्यानं, त्यांची लाइट माझ्याच मीटरवर, भाड्यातच धरलेली. उन्हाळ्यात कूलर लागले की बिल बघून धाप लागते. सोलर बसलं की भाडं तेवढंच, बिल नावापुरतं, वर उरलेली वीज बोर्डाला. यात न समजण्यासारखं काय आहे? पण ह्यांना समजवायला मला दिवाळीपासून आत्तापर्यंत वेळ लागला.

अडचण एकच. सळया.

१३ जानेवारी

आमच्या गावात एकही घर पुरं झालेलं नाही. ज्याच्या त्याच्या कॉलममधून वर सळया उभ्या, पुढच्या मजल्यासाठी. आमच्याही आहेत. सासरे जाताना सांगून गेले, वरचा मजला धाकट्याचा. धाकटा म्हणजे सचिन भाऊजी. हिंजवडीत आयटीत, लग्न झाल्यापासून तिकडंच भाड्यानं राहतात.

सोलरवाला म्हणतो सळयांची सावली पॅनलवर पडणार. एकावर पडली तरी बाकीचेही मार खातात. कापून टाका, अर्ध्या तासाचं काम.

सा.बा. जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. सासूबाईंचे कान म्हणजे... असो. वर आल्या आणि, "त्या सळयांना कुनी हात लावायचा न्हाई. माझ्या सचिनच्या हायेत त्या."

सोलरवाल्यानं गपचूप टेप गुंडाळला.

१७ जाने.

ह्यांना विचारलं. सेकंड शिफ्ट करून आलेले, भाकरी मोडत म्हणाले, "तू अन् आई काय ते बघा." बघते. आजवर कोण बघत आलंय?

२० जाने.

शेवटी भाऊजींनाच फोन लावला. कुरकुर करतील म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. एकाचीही गरज पडली नाही.

"कापा की वहिनी. आम्ही कुठं येतोय आता तिकडं राहायला?"

मग म्हणाले, "इथं फ्लॅट बुक केलाय. आईला अजून बोललो नाही. तुम्ही सांगाल का जरा?"

परवानगी मिळाली म्हणजे मी खूश व्हायला हवं होतं. उलट रागच आला. म्हटलं, भाऊजी, तुमच्या घराचं तुम्ही तुमच्या आईला सांगायचं. मी सोलरपुरती बोलले. "हो, सांगतो, सांगतो" म्हणाले. त्यांचं सांगतो मला ठाऊक आहे.

२१ जाने.

सा.बा. सकाळीच टेरेसवर. डब्यात सिमेंट कालवून सळयांना फासत होत्या, गंज चढू नये म्हणून. दरवर्षी फासतात, दरवर्षी मी चेष्टा करते. आज केली नाही. डबा धरून उभी राहिले.

२३ जाने.

ठरलं. सळया राहणार. पॅनल लोखंडी खांबांवर, सळयांच्याही वर. खाली माणूस सरळ उभं राहील एवढं उंच.

सोलरवाला: "ताई, खर्च वाढतो. कापल्या असत्या तर..."

मी: "भिशीचे पैसे माझे, टेरेस माझी, डोकंही माझंच. तुम्ही खांब पक्के लावा, वावटळीत उडून शेजारी गेलं तर तुम्हाला आणायला पाठवीन."

ह्यांना म्हटलं, खाली सावली मिळेल, मिरच्या निवडायला बरं. खरं कारण सांगितलं नाही. सांगितलं तर ते त्याच दिवशी आईजवळ बोलून मोकळे होतील.

१४ फेब्रुवारी

लागले पॅनल! काय दिसतायत. सा.बा.नी इन्व्हर्टरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. शेजारून चुलत दीर ओरडले, "काय वहिनी, मांडव कशाचा?" मी म्हटलं, "बिलाचं तेरावं हाय, जेवायला या." सगळी गल्ली हसली. सा.बा.सुद्धा.

११ मार्च

नवं मीटर बसलं. घेतलेली वीज वेगळी दाखवतं, दिलेली वेगळी. भर दुपारी दिलेल्याचा आकडा वाढताना बघत उभी राहिले. स्वतःच्या घरात काहीतरी पिकतंय आणि ते विकायला बाजारात जायला नको, हे फार बरं वाटतं. भाऊजी अजून गप्प.

१६ एप्रिल

बिल आलं. ह्यांनी दोनदा पाहिलं, मग म्हणाले, चुकून दुसऱ्याचं आलंय. नाव वाचून दाखवलं. नंतर शिफ्टला जाताना बिल खिशात घालून गेले, कंपनीत दाखवायला. आता सगळीकडं "आम्ही सोलर बसवलं". आम्ही! असू दे.

१९ एप्रिल

सा.बा. पॅनलखाली झाडत होत्या. मी वाळवण घेऊन गेले तर वर बघत म्हणाल्या, "ब्येस केलंस बघ. सचिनचं छप्पर तर झालं. आता भिंतीच तेवढ्या राहिल्या."

मी मुद्दाम उंच केलं. त्यांचा जीव दुखवू नये म्हणून केलं. आणि झालं हे.

लगेच खाली येऊन भाऊजींना फोन केला. चांगलंच सुनावलं. रविवारी येतो, समोर बसून सांगतो म्हणाले.

शनिवार

भाऊजी उद्या येतायत, बायकोला घेऊन. सा.बा.ना फक्त येण्याचं कळलंय. सकाळपासून हरभऱ्याची डाळ निवडून झाली, वेलदोडे कुटून झाले.

संध्याकाळी मला वर हाक मारली. पॅनलखाली फरशीवर खडूच्या रेघा. "हितं सैपाकघर. ही त्यांची खोली. अन् खिडकी गं? खिडकी कुठं काढावी?"

तोंडापर्यंत आलं होतं. एवढं चुरूचुरू बोलणारं माझं तोंड, ऐन वेळी दुसरंच बोललं.

"पूर्वेला काढू आत्या. सकाळचं ऊन येईल."

त्या रेघ मारायला वाकायला गेल्या, गुडघा वाकेना. खडू माझ्याकडं दिला. खिडकी मीच काढली.