बॅरनच्या ओठाला काटाच लागला आहे

४ सप्टेंबर
जगात अन्याय पुष्कळ झाले, पण थर्मासचा कप हरवलेल्या माणसाची दखल इतिहासाने घेतलेली नाही. सकाळचा चहा थेट थर्मासला तोंड लावून प्यालो. वरचा ओठ भाजला. संशय कुंपणापलीकडच्या मर्व्हिनवर. तसं सुचवल्यावर त्याने स्वतःचाच कप दिला. म्हणाला, घे लेका, पण रडं आवर. आणि परत दे. पुरावा म्हणून ठेवून घेतला.

बाकी दिवस कर्तृत्वाचा. कोकरांच्या शेपट्या कापल्या, कानात बिल्ले मारले, वर माव्याची लस दिली. मावा म्हणजे मेंढ्यांच्या तोंडाला खपल्या आणणारा विषाणू. आमच्या कळपात कधीच नव्हता. पण मर्व्हिन लस देत नाही, म्हणून मी दिली. दुकानदार म्हणत होता, रोग नसेल तर ही जिवंत लस नेऊ नकोस. दुकानदारानेच माल नको म्हणायचं, यात काहीतरी डाव आहे. अर्ध्या कळपात बाटली संपली. उरलेले बघून शिकतील.

२ ऑक्टोबर, सकाळी
बॅरनच्या ओठावर फोड. बॅरन म्हणजे माझा मेंढा, नोव्हेंबरच्या शेतकी प्रदर्शनातला यंदाचा पहिला नंबर. गेली चार वर्षं मर्व्हिनचा कीथ पहिला येतो, कारण परीक्षकांना डोळे नाहीत.
निदान: काटेरी तण. बायको, नॉरीन, म्हणाली, निम्म्या कोकरांना एकदम काटा लागला का? म्हटलं, यंदा काटे जास्त आहेत.

९ ऑक्टोबर
खपल्या आता आयांच्या सडांवर. दुखतं म्हणून त्या कोकरांना लाथाडतात. दोन कोकरं उपाशी मेली. रात्रभर बाकीची ओरडत होती.
दोष कीथचा. कुंपणातून बॅरनच्या तोंडाला तोंड लावतो. मर्व्हिनला स्पष्ट सांगितलं, तुझा मेंढा रोगट आहे. तो म्हणाला, तुझ्यापेक्षा बरा दिसतो, वासही कमी मारतो. बोलणं बंद. कपही मिळणार नाही.
खपल्या हातानेच खरवडल्या. हातमोजे शंकेखोरांसाठी.

१५ ऑक्टोबर
नॉरीनने परस्पर जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. ब्रॉन्विन नावाची पोरगी. दोन-दोन हातमोजे. खपल्या तपासणीला घेतल्या. म्हणाली, ज्यांच्या मांडीवर लसीचा ओरखडा आहे त्यांची तोंडं स्वच्छ, उरलेल्यांची बघा. म्हटलं, म्हणजे मी दिलेली लस चांगली होती. नॉरीन तिला म्हणाली, सवय होईल तुला.
हुकूम: आजारी वेगळे, चारा मऊ, काट्यांचं रान बंद, खपल्यांना हात लावायचा नाही, उपाशी कोकरांना बाटलीने दूध. सगळं मला आधीच सुचलं होतं.

२१ ऑक्टोबर
अहवाल आला. मावा. लस दिलेल्यांच्या खपल्या गवतात पडल्या, तिथून बाकीच्यांना. खपलीत विषाणू दीर्घकाळ जगतो, त्यामुळे आता दरवर्षी प्रत्येक कोकराला लस. म्हणजे लस देण्याचा माझा निर्णय फक्त थोडा लवकर झाला.
उजवं बोट सुजलंय. काटा.

२४ ऑक्टोबर
बोटावर जांभळं टेंगूळ. ब्रॉन्विन फोनवर म्हणाली, मावाच तो, माणसालाही होतो, आपोआप जाईल. नॉरीन म्हणाली, अभिनंदन, निदान तुला तरी काहीतरी मिळालं.
बाटली धरवत नाही. एकट्या नॉरीनला झेपत नाही. मर्व्हिन दोन्ही वेळा येऊन कोकरांना दूध पाजतो. नॉरीन म्हणाली, अरे, हा रोग तुझ्या कळपात नको न्यायला. तो म्हणाला, कीथच्या ओठावर कालच आलंय, आता काय राहिलं.
बॅरनकडूनच गेलं, म्हणे. तो माझ्याशी बोलत नाही.

७ नोव्हेंबर
प्रदर्शन. बॅरन घरी, कीथही घरी. पहिला नंबर मेलबर्नच्या एका दंतवैद्याचा, तो हौस म्हणून मेंढ्या पाळतो.
नॉरीनकडून कळलं, कीथ लागोपाठ पाचव्यांदा जिंकला असता तर बक्षिसाची ढाल कायमची मर्व्हिनच्या घरी राहिली असती. त्याच्या वडिलांनी तिच्यासाठी भिंतीत खिळा ठोकून ठेवला होता.
कोकरं सगळी जगली. ती दोन सोडून.

१० नोव्हेंबर
बिल्ल्यांची पेटी उघडली. तळाशी माझा कप. आत लसीची रिकामी बाटली. लस देताना ती कलंडू नये म्हणून मीच कपात उभी केली होती.
मर्व्हिनचा कप दोनदा उकळला, पुसला, त्याच्या फाटकाला अडकवून आलो. तो गोठ्यात होता. हाक मारली नाही.